रोमच्या शत्रूच्या नजरेतून कादंबरी लिहिताना: बूडिकाच्या बंडाचं उदाहरण घेऊन कामाचा क्रम

रोमविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूने लिहायला घेतलेल्या बहुतेक संहिता एकाच जागी घसरतात. निवेदक बंडखोर असतो, पण डोळे रोमन सेनापतीचे असतात. तो समोरच्या लीजनचा (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीचा) क्रमांक सांगतो, स्वतःच्या माणसांना 'टोळी' म्हणतो आणि आपल्याच गावाला लॅटिन नावाने ओळखतो. भाषा कितीही सजवली तरी हा दोष पुढे निघत नाही, कारण तो तयारीच्या वेळीच शिरलेला असतो. म्हणून इथे तयारीवर जास्त भर दिला आहे.

उदाहरण एकच घेतलं आहे: ब्रिटनमधल्या आइसेनी लोकांच्या राणीचं, बूडिकाचं बंड. रोमन इतिहासकार टॅसिटस ते इ.स. ६१ मध्ये घालतो, अनेक अभ्यासक ६० मानतात. तुमचा विषय कार्थेज, गॉल किंवा डेशिया असेल तर नावं बदलतील, क्रम हाच ठेवा.

१. आधी पुराव्याची वही

पात्रांची नावं सुचायच्या आधी एका वहीत तीन रकाने आखा: 'जेत्यांनी लिहिलं', 'जमिनीत सापडलं', 'मी रचलं'. कादंबरीतली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट यांपैकी एकाच रकान्यात जाईल.

पहिल्या रकान्यात प्रत्येक नोंदीपुढे लेखकाचं नाव लिहा, कारण इथे मुख्य आधार दोघांचा आहे आणि ते दोघे एकच गोष्ट सांगत नाहीत. टॅसिटसने बंडाचा सविस्तर वृत्तांत पन्नासेक वर्षांनी लिहिला. त्याचा सासरा अ‍ॅग्रिकोला तरुणपणी ब्रिटनमध्ये सुभेदार पॉलिनसच्या हाताखाली होता, म्हणजे घरातच प्रत्यक्ष पाहिलेला माणूस होता आणि घराण्याचा अभिमानही. दुसरा इतिहासकार डिओ. त्याने दीडशे वर्षांनी लिहिलं आणि त्याचा हा भाग आपल्याकडे अकराव्या शतकात झिफिलिनस या बायझंटाइन भिक्षूने केलेल्या संक्षेपातून आला. रोमनांनी बूडिकाला मारलेले फटके आणि तिच्या दोन्ही मुलींवर केलेला बलात्कार टॅसिटस सांगतो. डिओ पैशाचं कारण देतो: सम्राट क्लॉडियसने दिलेल्या रकमा परत मागितल्या गेल्या आणि सम्राट नीरोचा सल्लागार सेनेका याने दिलेलं प्रचंड कर्ज एकदम वसूल करायला घेतलं. कमरेखाली पोहोचणारे तांबूस केस, कर्कश आवाज, गळ्यातलं सोन्याचं मोठं कडं हे सगळं डिओचं.

दोघांची मिसळ करायला हरकत नाही. फक्त आपण मिसळ करतोय हे वहीत दिसलं पाहिजे.

दुसऱ्या रकान्यातल्या नोंदींनाही तपासणी लागते. कोल्चेस्टरमध्ये (तेव्हाच्या कॅमुलोडुनममध्ये) १९२८ साली लाँगिनस नावाच्या घोडेस्वाराचा थडग्याचा दगड सापडला. त्यावरच्या स्वाराचा चेहरा उडालेला होता, आणि बूडिकाच्या लोकांनी तो रागाने फोडला अशी समजूत बरीच वर्षं चालली. १९९६ मध्ये त्याच जागी तो चेहरा सापडला आणि दगड १९२८ च्या खोदकामात तुटला असावा असं दिसू लागलं. म्हणजे बंडखोर थडग्याचा चेहरा फोडतात हा प्रसंग तुम्ही लिहू शकता, पण तो 'मी रचलं' मध्ये जाईल. त्याच दगडावर एक कितीतरी कामाची गोष्ट कोरलेली आहे: हा 'रोमन' थ्रेसियन दलातला होता आणि त्याचं गाव सार्डिका, म्हणजे आजचं सोफिया. तुमच्या पात्रांसमोर उभे असलेले सैनिक असे दहा मुलखांतून आलेले होते.

सावधान: वस्तू खरी असली तरी तिचा काळ तपासा. नॉरफोकमधल्या स्नेटिशमला १९५० मध्ये मिळालेलं पिळाचं सोन्याचं कडं किलोभराहून थोडं जास्त भरतं. आठ तारांचा एक पीळ, असे आठ पीळ एकत्र वळलेले, म्हणजे चौसष्ट तारा. ते आइसेनींच्याच मुलखातलं आहे, त्यामुळे लेखक ते सरळ राणीच्या गळ्यात घालतात. पण ते बूडिकाच्या शतकभर आधीच पुरलेलं होतं. तिला कडं द्या, हे नको.

२. निवेदकाचं वय आणि जागा ठरवा

राणीला निवेदक करू नका. तिच्याबद्दल जे आहे ते सगळं बाहेरून पाहिलेलं आहे. शिवाय ती प्रत्येक मोठ्या प्रसंगात हजर असलीच पाहिजे, त्यामुळे लेखक नकळत टॅसिटसच्या प्रसंगांची क्रमवारी गिरवत जातो.

त्यापेक्षा कडेचा माणूस घ्या: गाडीवान, जमीन गेलेला आइसेनी सरदाराचा धाकटा भाऊ, किंवा कॅमुलोडुनमजवळ राबणारी, आइसेनींच्या शेजारच्या ट्रिनोव्हांटेस लोकांतली शेतकरीण. तिच्या लोकांची जमीन निवृत्त रोमन सैनिकांनी बळकावली होती, म्हणजे बंडात सामील व्हायचं कारण तिला स्वतःचं आहे.

मग चार सनावळ्या मांडून वय जुळवा.

- इ.स. ४३: रोमन सैन्य उतरलं.
- इ.स. ४७: शस्त्रं काढून घेण्याच्या हुकमावरून आइसेनींनी एकदा बंड केलं आणि हरले.
- इ.स. ४९: कॅमुलोडुनमला निवृत्त सैनिकांची वसाहत झाली.
- इ.स. ६०: कथेचं वर्ष.

साठ साली वीस वर्षांचा असलेला मुलगा शस्त्रबंदीच्या वेळी सात वर्षांचा होता. वडीलमाणसांनी तलवार उघडपणे कमरेला लावलेली त्याला जेमतेम आठवेल. चाळिशीच्या बाईला मात्र रोमपूर्वीचं सगळं आठवतं. एकाच घरातल्या दोघांचा राग एकसारखा असणार नाही.

तपासा: शस्त्रं कुठून आली? तेरा वर्षांपूर्वी ती काढून घेण्याचा हुकूम निघाला होता. गवताच्या छपरात दडवलेली, लोहाराने रातोरात ठोकलेली की लुटलेली, हे दुसऱ्या प्रकरणाच्या आत ठरलेलं हवं. हा प्रश्न टाळणाऱ्या संहिता पुढे लढाईत ढासळतात.

३. ऋतू, वाटा आणि गाड्यांचा हिशेब

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि कथानक इथेच फसतं.

टॅसिटस सांगतो की बंडखोरांनी पेरणीकडे दुर्लक्ष केलं. रोमनांचं धान्य आपल्याला मिळेल अशा भरवशावर ते होते आणि पुढे उपासमार झाली. म्हणजे कथेचा आरंभ पेरणीशी बांधलेला आहे. सुभेदार पॉलिनस त्या वेळी पश्चिम टोकाला मोना बेटावर, आजच्या अँगलसीवर मोहिमेत होता. तिथून लंडनपर्यंतचं अंतर ढोबळमानाने ४०० किलोमीटर. घोड्यावरचा निरोप काही दिवसांत पोहोचेल, पायदळ दिवसाला २५ ते ३० किलोमीटर चाललं तरी त्याला दोन आठवडे लागतील.

आता बंडखोरांची बाजू. कॅमुलोडुनम ते लोंडिनियम (आजचं लंडन) सुमारे ८५ किलोमीटर. बैलगाडी दिवसाला १२ ते १५ किलोमीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे सहा-सात दिवस. माणशी पाऊण किलो धान्य धरा. १०,००० माणसांना रोज साडेसात टन लागतं. एका गाडीत ५०० किलो मावले तर रोज पंधरा गाड्या रिकाम्या होतात, सहा दिवसांना नव्वद. बैलांसकट एका गाडीला दहा मीटर जागा दिली तर ही रांग ९०० मीटरची. डिओ सुरुवातीलाच १,२०,००० माणसं सांगतो. म्हणजे बारापट माणसं. ९०० मीटरला बाराने गुणून रांग किती लांब होते पाहा, मग डिओच्या आकड्यावर किती विश्वास टाकायचा हे ठरवा.

या हिशेबातून प्रसंग आपोआप सुचतात. मागच्या गाड्या पोहोचतात तेव्हा पुढच्यांनी लूट संपवलेली असते. ओढ्याच्या उतारावर एक गाडी रुतली की अर्धा दिवस जातो. बैलांना चरायला सोडावंच लागतं, मग राणीला कितीही घाई असो.

सावधान: 'जून महिना', 'रविवार', 'तीन तासांनी' हे निवेदनातून काढा. 'प्रहर' आणि 'घटका' घालूनही काम होत नाही, कारण त्या शब्दांनी वाचक आपल्याकडच्या वाड्यात पोहोचतो. 'कासराभर दिवस वर आला', 'दोन रात्रींची वाट' अशी शेतकऱ्याची मापं कुठल्याही शेतकऱ्याला शोभतात. गॉलचे लोक दिवसांऐवजी रात्री मोजत असं सीझरने नोंदवलं आहे, ते शेजारच्या ब्रिटनसाठी वापरायला चांगलं.

४. शब्दांची गाळणी

मराठीत ऐतिहासिक म्हटलं की एक तयार भाषा हाताशी येते: मुजरा, गनीम, फौज, हुजूर, शिलेदार, राणीसरकार. ती आपल्या सतराव्या-अठराव्या शतकाची भाषा आहे आणि तिच्यातला निम्मा दरबार फारसीतून आला आहे. आइसेनी माणसाच्या तोंडी 'मुजरा' आला की त्याच्या डोक्यावर पगडी दिसू लागते. दुसरं टोक संस्कृताचं: 'सम्राज्ञी', 'सेनानी', 'रणांगण'. त्याने पात्रं पौराणिक नाटकातली वाटतात.

मधला रस्ता शेताघरातून जातो, आणि मराठी इथे फार श्रीमंत आहे. त्या लोकांची घरं गोल होती. लाकडी खांबांमध्ये फांद्यांची वीण आणि वरून मातीचा गिलावा. आपल्याकडे याला कूड म्हणतात. काही लिहायची गरज नाही, 'कुडाची भिंत' म्हटलं की झालं. धान्य ते जमिनीत खोदलेल्या खड्ड्यात साठवत: पेव. ते पिकवत असलेल्या गव्हांपैकी एक जात म्हणजे आपला खपली गहू, सांगली-साताऱ्याकडे आजही पेरला जातो तोच. त्याच्याबरोबर सातू. दळायला जातं, पांघरायला लोकरीचं कांबळं. इंग्रजी पुस्तकातून 'हट', 'स्टोरेज पिट', 'एमर व्हीट' उतरवून घेताना हे शब्द हाताशी असूनही सुटतात.

पण प्रत्येक जवळचा शब्द चालत नाही. 'भाकरी' लिहिलीत तर तवा, चूल आणि ठेचा मागोमाग येतात, त्यामुळे 'सातूची जाड रोटी, राखेत भाजलेली' असं वर्णन करा. 'रथ' म्हटलं की कुरुक्षेत्रातला चार घोड्यांचा, छत्राचा रथ उभा राहतो. यांची लढाईची गाडी हलकी, दोन चाकांची, दोन लहानखुऱ्या घोड्यांची. एक हाकणार, दुसरा उडी मारून खाली लढणार. पहिल्यांदा नीट दाखवा, मग 'गाडी' पुरे. चाकांना पाती लावू नका. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाजवळच्या पुतळ्यात ती आहेत, पण तो पुतळा तिथे १९०२ मध्ये बसवलेला आहे. पुराव्यात पाती नाहीत.

हाक मारण्याच्या पद्धतीकडेही लक्ष द्या. बायको नवऱ्याला 'अहो' म्हणाली की घर पुण्यातलं झालं. दोन्हीकडून 'अरे-अगं' ठेवा आणि वडीलधाऱ्यांचा मान वाक्याच्या वळणातून दाखवा: कोण आधी बोलतं, कोण उभं राहतं. राणीलाही नावाने हाक मारू द्या. त्या नावाच्या मुळात 'विजय' आहे, म्हणजे ऐकणाऱ्याला ते आपल्या 'विजया'सारखं अर्थासकट ऐकू येत होतं.

स्थळं आणि माणसांची नावं तीन गटांत लावा. कॅमुलोडुनम हे मुळात स्थानिकच नाव, कॅमुलोस देवाचा कोट. तेव्हा ट्रिनोव्हांटेस निवेदक 'कॅमुलोसचा कोट' म्हणेल. 'आइसेनी' हे टॅसिटसचं रूप. त्या लोकांच्या चांदीच्या नाण्यांवर 'एकेन' अशी अक्षरं आहेत, निवेदकाच्या तोंडी ते जास्त खरं वाटेल. तिसरा गट शत्रूचा. रोमन सैनिकांसाठी दिसण्यावरून एक नाव घडवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. हे नाव तिसऱ्या रकान्यात नोंदवा.

तपासा: 'टोळी', 'रानटी', 'बंड', 'प्रांत' हे शब्द संहितेत शोधा. निवेदक स्वतःबद्दल ते वापरत असेल तर तो अजून रोमचाच माणूस आहे. 'ब्रिटन लोक' हा शब्दही तसाच. शेजारच्या ब्रिगँटेसची राणी कार्टिमांडुआ हिने इ.स. ५१ मध्ये रोमशी लढणाऱ्या कॅरेटॅकसला बेड्या घालून रोमनांच्या हवाली केलं होतं. 'आपण सगळे एक' असं त्या पिढीत कुणी सहज बोलणार नाही.

५. पहिला मसुदा: पात्राला जे माहीत नाही ते लिहू नका

आता लिहायला बसा, आणि लढाईपासून सुरुवात करू नका. एखाद्या वस्तूपासून करा.

कोल्चेस्टरला जळालेल्या थरात कोळसा झालेले खजूर मिळाले आहेत. २०१४ मध्ये तिथल्याच हाय स्ट्रीटवर घराच्या जमिनीत घाईने पुरलेले सोन्याचांदीचे दागिने सापडले. त्या घरात शिरलेला तुमचा निवेदक काय पाहील?

चुकीचं: 'रोमन सैनिकाच्या कोठारात पूर्वेकडून आयात केलेले खजूर होते.'

बरोबर: 'मडक्यात तपकिरी, सुरकुतलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, मेलेले किडे. अंब्रिकाने एक तोंडात टाकलं, थांबला, आणि मडकं पोटाशी धरून बसला. बाहेर छप्पर पेटलं तरी उठेना.'

पहिल्या वाक्यात माहिती लेखकाची आहे. दुसऱ्यात खजूर हा शब्दच नाही, तरी वाचकाला तो कळतो. प्रत्येक प्रकरणात अशी एक तरी वस्तू घ्या आणि तिचं रोमन नाव न घेता तिला ओळखीची करा.

घरातल्या गोष्टी लिहिताना यादी उलटीही करा: काय नव्हतं. बटाटा, टोमॅटो, मका, साखर, रिकीब, कागद नव्हते. गोडासाठी मध, शिजवायला लोणी आणि चरबी. ब्रिटनमधले लोक ससा, कोंबडा आणि हंस खात नाहीत असं सीझरने लिहिलं आहे. डिओच्या वृत्तांतात बूडिका वस्त्रातून ससा सोडते आणि अँड्रास्टे देवीला पुकारते. या दोन नोंदी शेजारी ठेवा, मग त्या गर्दीला ससा पळताना पाहून काय वाटलं असेल ते लिहिता येईल. निळा रंग फासलेलं अंग मात्र सीझरच्या वेळचं, शंभराहून जास्त वर्षं आधीचं. या बंडाच्या वर्णनात टॅसिटस त्याचा उल्लेख करत नाही, तेव्हा जपून.

६. भाषण आणि शेवटची लढाई

बूडिकाचं भाषण टॅसिटसमध्ये आहे, डिओमध्ये आहे, आणि दोन्ही त्या-त्या लेखकाने रचलेली आहेत. लढाईपूर्वी सेनापतीच्या तोंडी भाषण घालणं हा त्यांच्या लेखनाचा रिवाज होता. ते भाषांतरित करून पानभर देऊ नका. टॅसिटसच्या म्हणण्यानुसार ती मुलींना पुढे बसवून गाडीतून एकेका लोकसमूहापाशी फिरली. तुमच्या निवेदकाला त्यातली तीन-चार वाक्यं ऐकू येतील, एखादं वाऱ्याने जाईल, एखादं शेजारी चुकीचं सांगेल. त्याला सगळ्यात जास्त लक्षात राहतील त्या दोन मुली.

लढाईच्या जागेचं नाव टॅसिटस देत नाही. अरुंद घळ, रोमनांच्या पाठीशी जंगल, पुढे मोकळं मैदान, एवढंच आहे. तुम्हीही नाव देऊ नका. रोमन बाजूला सुमारे १०,००० माणसं. कडेला बायकापोरांनी भरलेल्या गाड्यांची रांग होती, आणि पळणाऱ्यांना त्याच गाड्या आडव्या आल्या. तिसऱ्या पायरीत केलेला हिशेब इथे कामाला येतो, कारण वाचकाने त्या गाड्या रुतताना, रिकाम्या होताना पाहिलेल्या असतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे आकाशातून पाहिलेली लढाई. दहाव्या रांगेतल्या माणसाला पुढच्याचे खांदे दिसतात. गाडीवरच्या बाईला गर्दी दिसते, पण आधी कळत नाही की ती पुढे सरकतेय की मागे येतेय. दोघांपैकी एक निवडा आणि तिथून हलू नका. ८०,००० विरुद्ध ४०० हे मृतांचे आकडे टॅसिटसचे आहेत. ते निवेदकाच्या तोंडी कधीही येता कामा नयेत.

७. आपल्या बाजूचं क्रौर्य

तीन गावांत मिळून ७०,००० नागरिक आणि मित्रपक्षाचे लोक मारले गेले असं टॅसिटस म्हणतो. आकडा बाजूला ठेवला तरी लंडन, कोल्चेस्टर आणि सेंट ऑल्बन्सच्या जमिनीखाली जळिताचा थर आहे. कैदी घेतले नाहीत, फास आणि आग वापरली असंही तो लिहितो. लोंडिनियममध्ये मागे उरले ते म्हातारे, बायका आणि जागा सोडवेना असे लोक. वेरुलेमियमची (आजच्या सेंट ऑल्बन्सची) वस्ती तर बहुतेक स्थानिकांचीच होती.

हे वगळून लिहिलेली कादंबरी निव्वळ पोवाडा होते. 'काही उतावळ्या तरुणांनी केलं' म्हणून ते दुसऱ्यावर ढकलणंही तितकंच खोटं. निवेदकाचा स्वतःचा हात त्यात असला पाहिजे: त्याने दार अडवलं, मशाल दिली, किंवा ओळखीच्या भाषेत मागितलेलं पाणी दिलं नाही. आधीच्या प्रकरणांत त्याच्यावर झालेला अन्याय खरा वाटला असेल तर वाचक त्याला सोडून जात नाही, पण अस्वस्थ होतो. हीच अस्वस्थता हवी आहे.

सावधान: डिओने दिलेली बायकांच्या छळाची वर्णनं जशीच्या तशी उचलू नका. ती दीडशे वर्षांनंतरची आहेत आणि शत्रूला राक्षस ठरवण्याच्या कामी आलेली आहेत. मुलींवरच्या अत्याचाराचंही दृश्य रंगवू नका. त्यानंतरची सकाळ लिहा.

८. शेवट आणि तीन फेऱ्या

बूडिका विष घेऊन मेली असं टॅसिटस सांगतो. आजारी पडून मेली आणि तिला थाटाने पुरलं असं डिओ सांगतो. कडेच्या निवेदकाला दोन्ही अफवा म्हणून कानावर येऊ द्या. शेवट तिच्या मरणावर बांधू नका, त्याच्या न पेरलेल्या शेतावर बांधा. लंडनमध्ये सापडलेल्या लाकडी पाट्यांपैकी एक २१ ऑक्टोबर ६२ ची आहे: वेरुलेमियमहून लोंडिनियमला वीस खेपा धान्यसामग्री आणण्याचा करार. जाळपोळीनंतर एक-दोन वर्षांतच त्याच वाटेवर भरलेल्या गाड्या चालू झाल्या होत्या. जगलेल्या गाडीवानाला या खेपा दिसू शकतात, किंवा भूक भागवायला त्यांतली एक तो स्वतःच हाकू शकतो.

मसुदा पुरा झाल्यावर पंधरा दिवस बाजूला ठेवा, मग तीन वेगळ्या फेऱ्या करा. एकाच फेरीत सगळं शोधायला गेलात तर काहीच सापडत नाही.

पहिली फेरी वहीची. पहिल्या रकान्यातल्या गोष्टी निळ्या, दुसऱ्यातल्या हिरव्या, तिसऱ्यातल्या लाल पेन्सिलीने खूण करा. एखादं प्रकरण सगळं निळं निघालं तर तिथे तुम्ही टॅसिटसचा सारांश लिहिला आहे, ते पुन्हा लिहा.

दुसरी फेरी शब्दांची. चौथ्या पायरीतले शब्द आणि सगळी लॅटिन नावं संगणकावर एकेक करून शोधा.

तिसरी फेरी मोठ्याने वाचायची, तीही फक्त संवादांची. शेतीशी संबंध असलेल्या माणसाला समोर बसवा आणि बैल, पेरणी, पेव यांबद्दल त्याने काढलेली प्रत्येक चूक समासात लिहून घ्या.